माघारी येणारी ईमेल आणि मंडळाची यादी: माझा अनुभव

बडोद्यातील आमच्या मराठी मंडळाची ईमेल यादी सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा तिच्यात आठशेच्या आसपास पत्ते होते आणि महिन्याचे कार्यक्रमपत्रक रवाना झाले की थोड्याच वेळात शंभराच्या वर पत्रे माघारी येत. ती एका वेगळ्या खात्यात साठत राहत आणि ते खाते सहसा कोणी उघडत नसे. कार्यकारिणीच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा बहुतेकांचे मत पडले की माघारी येणारे सगळे पत्ते एकदम काढून टाकावेत. मी थोडी मुदत मागून घेतली. पत्ता बंद पडला म्हणजे सभासद मंडळातून गेला असे होत नाही. त्यांतले कित्येक जण मुलांकडे अमेरिकेत किंवा पुण्यात राहायला गेलेले, किंवा वयोमानामुळे दांडिया बाजारात होणाऱ्या कार्यक्रमांना येऊ न शकणारे होते, आणि आमचे पत्रक हाच त्यांचा मंडळाशी उरलेला धागा होता.

माघारी आलेले पत्र प्रथमदर्शनी गूढ वाटते, पण त्याची रचना ठरलेली असते. पाठवणाऱ्याच्या जागी बहुधा ‘मेलर डीमन’ असे नाव असते. वरच्या भागात माणसाने वाचावा असा खुलासा असतो आणि त्याखाली यंत्राने वाचायचा मजकूर, ज्यात एक तीन आकडी उत्तर आणि टिंबांनी जोडलेला दुसरा संकेतांक असतो. या दुसऱ्या संकेतांकाचा सध्याचा नियम इंटरनेटचे तांत्रिक नियम मांडणाऱ्या ‘आरएफसी’ मालेतील २००३ सालच्या आरएफसी ३४६३ या दस्तऐवजात आहे. पहिला आकडा ४ असेल तर अडचण तात्पुरती आणि ५ असेल तर कायमची. मधला आकडा अडचण कुठे आहे ते सांगतो: १ म्हणजे पत्त्यात, २ म्हणजे मेलबॉक्समध्ये, ४ म्हणजे जाळ्यात किंवा मार्गात, आणि ७ म्हणजे सुरक्षेच्या किंवा धोरणाच्या कारणाने नकार. एवढे समजल्यावर त्या ढिगाचे गठ्ठे करणे फारसे कठीण राहिले नाही.

सर्वांत गोंधळात टाकणारा गठ्ठा होता तो ५५० आणि ५.७.२६ या उत्तराचा, म्हणजे प्रेषक खरा असल्याची खात्री न पटल्याने दिलेल्या नकाराचा. ती सगळी उत्तरे जीमेलकडून आलेली होती, पण त्यांत दिलेले जीमेलचे पत्ते आमच्या यादीत कुठेच सापडेनात. जे पत्ते यादीतच नाहीत, त्यांच्याकडून आमचे पत्र माघारी कसे येते, हा प्रश्न बरेच दिवस सुटला नाही. उलगडा झाला तो असा. काही सभासदांनी आम्हांला आपल्या जुन्या संस्थेचा किंवा कंपनीचा पत्ता दिलेला होता आणि तिथे येणारी सगळी पत्रे आपोआप स्वतःच्या जीमेलवर पुढे जातील अशी सोय करून ठेवली होती. आमच्या डोमेनसाठी, म्हणजे पत्त्यातल्या ॲटनंतरच्या नावासाठी, एसपीएफ नोंद होती. त्या नावाने कोणत्या सर्व्हरने पत्रे पाठवावीत हे ती सांगते, पण आमची नोंद फक्त आमच्या सर्व्हरला परवानगी देते. पत्र मधल्या सर्व्हरने पुढे ढकलले की जीमेलच्या दृष्टीने ते अनोळखी ठिकाणाहून आलेले ठरते. डीकेआयएमची स्वाक्षरी, म्हणजे पत्र खरोखर त्या डोमेनचेच असल्याची अंकीय खूण, पत्राबरोबरच प्रवास करते, त्यामुळे मजकुराला हात लागला नाही तर ती वाटेत टिकते, आणि नेमकी तीच आमच्याकडे नव्हती. जीमेल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केले. जीमेलच्या खात्यांना दिवसाला पाच हजार किंवा अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (या तपासण्यांत न उतरलेल्या पत्राचे काय करावे हे सांगणारी नोंद) हे तिन्ही लागतात, तर आमच्यासारख्या लहान संस्थांना पहिल्या दोहोंपैकी एक पुरते. आमच्याजवळचे ते एक, वाटेत पुढे ढकलल्या जाणाऱ्या पत्रांच्या बाबतीत, निकामी ठरत होते.

पण ते सभासद कोण, हे शोधायचे राहिलेच होते. टपालाच्या पत्रात जसा कागदावर एक पत्ता आणि पाकिटावर दुसरा असू शकतो, तसेच ईमेलचेही असते: वाचणाऱ्याला दिसणारा प्रेषक वेगळा आणि न पोहोचलेले पत्र ज्या पत्त्यावर माघारी जायचे तो वेगळा. डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९७ साली सुचवलेल्या ‘व्हर्प’ या पद्धतीत हा दुसरा पत्ता प्रत्येक प्रतीसाठी निराळा तयार होतो. सभासदाचाच पत्ता, ॲटच्या जागी बरोबरचे (=) चिन्ह घालून, त्यात गुंफलेला असतो. मग मधे कितीही सर्व्हर आले तरी माघारी आलेले पत्र मूळ सभासदाचे नाव घेऊनच येते. आमची यादी मेलमॅन २.१ या प्रणालीवर चालते आणि तिच्यात ही सोय आहे. ती सुरू केली, होस्टिंग कंपनीकडून डीकेआयएमची किल्ली घेऊन डोमेनच्या नोंदींमध्ये बसवली, आणि पुढच्या पत्रकाला हा गठ्ठा जवळजवळ नाहीसा झाला. बैठकीत सुचवल्याप्रमाणे सरसकट पत्ते काढले असते, तर ज्यांच्या पत्त्यात काहीही वावगे नव्हते अशी ही माणसे आम्ही विनाकारण गमावली असती.

५.१.१ हे उत्तर मात्र स्पष्ट असते: या नावाचे खाते या सर्व्हरवर नाही. इथे मला दोन प्रकार आढळले. पहिला प्रकार नोंदवहीतून संगणकावर उतरवताना बदललेल्या स्पेलिंगचा. पवार आणि वाघ ही नावे मराठी माणूस डब्ल्यू घालून लिहितो, तर गुजराती माणसाच्या हाताला व्हीची सवय असते. आणि आमच्या कार्यक्रमांत नोंदणीच्या टेबलावर बसणारे स्वयंसेवक दोन्हीकडचे असतात. असा पत्ता अंदाजाने दुरुस्त करण्याच्या मी विरोधात आहे, कारण अंदाजाने बनवलेला पत्ता दुसऱ्याच कुणाचा तरी असू शकतो आणि मग आपले पत्र एका अनोळखी माणसाच्या खात्यात महिनोन्‌महिने जात राहते. म्हणून मी जुन्या अर्जांवरचे दूरध्वनी क्रमांक काढून एकेकाला फोन लावायला सुरुवात केली.

वाघोडिया रोडवर राहणाऱ्या एका काकूंना म्हटले, “काकू, मंडळाचं पत्रक तुमच्यापर्यंत पोचत नाहीये.” त्या म्हणाल्या, “अहो, मला वाटलं तुम्हीच पाठवायचं बंद केलंत. वर्गणी राहिली असेल म्हणून काढलं असेल नाव, असं यांना म्हटलंसुद्धा मी.” हे ऐकून मला फार वाईट वाटले. आमच्या बाजूला एक न उघडलेले खाते होते आणि त्यांच्या बाजूला आपल्याला वगळल्याची भावना. त्यांच्या पत्त्यात एकच अक्षर बदलायचे होते.

दुसरा प्रकार खरोखर संपलेल्या खात्यांचा. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केले. त्या काळात घेतलेले पत्ते आमच्या यादीत होते आणि ते सगळेच माघारी येत होते. शिवाय दोन वर्षे वापरात नसलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे, त्यामुळे निधन पावलेल्या सभासदांची जीमेल खातीही हळूहळू ५.१.१ म्हणू लागतात. अशा घरी फोन करताना मी आधी मंडळातल्या कुणा जुन्या माणसाकडे विचारपूस करतो. एका घरून दिवंगत सभासदाच्या पत्नीचे उत्तर आले की यजमानांच्या नावाने येणारे पत्रक त्या स्वतःच वाचत होत्या आणि आता ते त्यांच्या पत्त्यावर यावे. सभासदत्वाची नोंद त्यांच्या नावे करून घेतली.

मेलबॉक्स भरल्याची उत्तरे थोडी फसवी असतात. तीच अडचण एक सर्व्हर ४.२.२ म्हणून कळवतो तर दुसरा ५.२.२ म्हणून, त्यामुळे पहिल्या आकड्यावर विसंबून चालत नाही. जीमेलची १५ जीबी विनामूल्य जागा पत्रे, फोटो आणि ड्राइव्ह यांत मिळून असते आणि ज्येष्ठांच्या फोनमधले फोटो ती भरून टाकतात. अशांना मी मुलांच्या किंवा नातवंडांच्या मदतीने जागा मोकळी करून घ्यायला सांगतो.

आता मेलमॅनच्याच एका खोचीबद्दल, कारण यादी चालवणाऱ्या इतर मंडळांना ती उपयोगी पडेल. ही प्रणाली माघारी आलेल्या कायमच्या नकाराला एक गुण आणि तात्पुरत्याला अर्धा गुण देते, एका दिवसात एकदाच मोजते, आणि बेरीज पाचावर गेली की त्या सभासदाला पत्रे पाठवणे थांबवते. पण मूळ मांडणीत सात दिवस नवे काही माघारी आले नाही तर जुने गुण पुसले जातात. रोज पत्रे जाणाऱ्या यादीसाठी हे योग्य आहे. महिन्यातून एकदाच पत्र जाणाऱ्या यादीत मात्र बेरीज एकाच्या पुढे कधी जातच नाही आणि मेलेले पत्ते वर्षानुवर्षे तसेच राहतात. आमच्या ढिगाचे मूळ इथे होते. मी मर्यादा तीन गुणांवर आणली आणि गुण पुसण्याची मुदत चार महिन्यांवर नेली. पत्रे थांबल्यानंतर प्रणाली सात-सात दिवसांच्या अंतराने तीन इशारे पाठवून नाव काढते, पण ते इशारे त्याच बंद पत्त्यावर जातात, म्हणून पत्रे थांबल्याची सूचना आली की फोन करायचा, असे आम्ही ठरवले आहे.

मेलेले पत्ते तसेच ठेवण्यातही धोका आहे, हे कार्यकारिणीचे म्हणणे बरोबरच होते. अस्तित्वात नसलेल्या खात्यांना वारंवार पत्रे पाठवणाऱ्याकडे मोठे सर्व्हर संशयाने पाहतात आणि सोडून दिलेले काही पत्ते पुढे स्पॅम पाठवणाऱ्यांना पकडण्याचे सापळे म्हणून वापरले जातात. त्याचा फटका यादीतल्या प्रत्येकाला बसतो.

नव्या अर्जावर आता एकेका अक्षरासाठी चौकोन आहेत, आणि टेबलावरच पुष्टीचे पत्र पाठवून सभासदाने आपल्या फोनवर ते उघडल्याशिवाय पत्ता यादीत जात नाही. वर्षअखेरीस ज्यांच्याशी संपर्क होऊ शकला नाही त्यांची केवळ नावे, पत्ते किंवा फोन न देता, मी कार्यकारिणीपुढे ठेवतो. यंदा त्यांतल्या दोन कुटुंबांचा ठावठिकाणा भरूचच्या नातेवाइकांकडून लागला आणि त्यांनी स्वतः पाठवलेले नवे पत्ते यादीत चढले आहेत.