साठ वॉटचे सौर पॅनेल आणि सहा आठवड्यांची तक्रार

तंबूतल्या मुक्कामासाठी स्वस्तातले घडीचे सौर पॅनेल घ्यावे का, असे मला हल्ली ओळखीतले लोक विचारतात, कारण मी ते घेतले आहे हे त्यांना ठाऊक आहे. ते घेतल्यानंतरचे सहा आठवडे मी विक्रेत्या कंपनीच्या तक्रार विभागाशी कसे काढले, हे मात्र त्यांना ठाऊक नसते, आणि त्यामुळे माझे उत्तर दर वेळी त्या तक्रारीपासूनच सुरू होते.

पॅनेल मागवणे, पैसे भरणे आणि खोके हाती येणे हे सगळे विनासायास झाले. चार पानांचे, कापडी पाठीचे ते पॅनेल दिसायला नीटस होते आणि त्यावर ‘६० वॉट’ असे ठळक छापलेले होते. पहिल्याच स्वच्छ उन्हाच्या दुपारी मी त्याच्या यूएसबी खोबणीला मीटर आणि मीटरला पॉवर बँक जोडली, तेव्हा आकडा आला ५ व्होल्ट आणि २ अँपिअर, म्हणजे १० वॉट. मी त्याच संध्याकाळी तक्रार नोंदवली.

फॉर्ममध्ये तक्रारीचे कारण निवडण्यासाठी तीनच पर्याय होते: वस्तू फुटलेली आली, चुकीची वस्तू आली, वस्तू चालत नाही. वस्तू चालते, पण सांगितल्यापेक्षा फार कमी चालते, असे म्हणायला जागाच ठेवलेली नव्हती. नाइलाजाने मी ‘चालत नाही’ निवडले आणि सोबत मीटरचा व्हिडिओ जोडला. तिसऱ्या दिवशी उत्तर आले की, व्हिडिओमध्ये पॅनेल चालताना दिसत असल्यामुळे तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

दुसऱ्या तक्रारीला उत्तर देणाऱ्या माणसाने मात्र एक बरोबर गोष्ट सांगितली, आणि ती मला आधी ठाऊक असायला हवी होती. साध्या यूएसबी खोबणीतून साधारण १० ते १२ वॉटच बाहेर पडतात, मग पॅनेल कितीही मोठे असो. पॅनेलची खरी ताकद मोजायची तर डीसी जोडणीतून, म्हणजे मोठ्या बॅटरीसाठीच्या वेगळ्या खोबणीतून, आणि तीही पुरेसा भार लावून, म्हणजे तेवढी वीज ओढणारे काही जोडूनच मोजावी लागते. त्यासाठी मी एका मित्राकडून त्याची मोठी बॅटरीपेटी मागून आणली. नवा व्हिडिओ पाठवायला ४८ तासांची मुदत होती आणि ते दोन्ही दिवस आभाळ भरलेले होते. मुदत संपताच तक्रार आपोआप बंद झाली, मला नवा क्रमांक मिळाला आणि बिलाचे छायाचित्र, अनुक्रमांक, पत्ता हे सगळे पुन्हा पहिल्यापासून भरावे लागले.

ऊन पडल्यावर १७ व्होल्ट आणि १.६ अँपिअर, म्हणजे जेमतेम २७ वॉट मिळाले. त्यावर उत्तर आले की पॅनेल सूर्याच्या काटकोनात नसावे. यात तथ्य असू शकत होते, कारण पॅनेल ३० अंशांनी कलले तर सुमारे १३ टक्के आणि ६० अंशांनी कलले तर निम्मे ऊन वाया जाते. मी पॅनेलवर पेन्सिल उभी धरली, तिची सावली पूर्ण नाहीशी होईपर्यंत पॅनेल हलवले आणि त्या पेन्सिलीसकट नवा व्हिडिओ पाठवला. (ही युक्ती मुक्कामातही रोज उपयोगी पडते.) आकडा २७ च राहिला. मग असे कळवण्यात आले की ६० वॉट हा आकडा प्रमाणित चाचणीचा आहे, म्हणजे दर चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि सेलचे (पॅनेलमधल्या वीज बनवणाऱ्या काळ्या चकत्यांचे) तापमान २५ अंश सेल्सिअस असतानाचा, आणि माझ्या व्हिडिओत सेलचे तापमान दिसत नाही.

इथे माझा संयम सुटला. भर उन्हात ठेवलेले काळे पॅनेल २५ अंशांवर कसे राहावे? ते सहज ६० अंशांपर्यंत तापते. सिलिकॉन सेलची ताकद दर अंशाला साधारण ०.४ टक्के घटते, म्हणजे ३५ अंशांच्या फरकाने १४ टक्के घट धरली, तरी ६० चे ५१ व्हायला हवेत, २७ नव्हे. हा हिशेब लिहून पाठवला. त्याला उत्तरच आले नाही.

त्या रात्री चिडून मी टेप घेतली आणि पॅनेल मोजायला बसलो. प्रत्येक पानावरचा काळा भाग २४ सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद भरला. चार पानांचा मिळून १४४० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ०.१४४ चौरस मीटर. एवढ्या जागेवर प्रमाणित चाचणीतही १४४ वॉटचाच प्रकाश पडतो. त्यातून ६० वॉट काढायचे तर सेलची कार्यक्षमता जवळपास ४२ टक्के हवी, आणि साध्या सिलिकॉन सेलची सैद्धांतिक मर्यादाच २९ टक्क्यांच्या आसपास आहे. चांगल्या सेलचे २२ टक्के धरले तर ३२ वॉट येतात; त्यातून उष्णतेची घट वजा केली की माझ्या मीटरवरचे २७ उरतात. टेप लावलेल्या पानाचे छायाचित्र आणि हा गुणाकार पाठवला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी निम्मी रक्कम परत करण्याचा प्रस्ताव आला. मी तो स्वीकारला आणि पॅनेल ठेवून घेतले. सहा आठवड्यांत हाती न लागलेली गोष्ट दहा मिनिटांत टेपने मिळवून दिली, याचा अभिमान वाटावा की ती टेप खरेदीपूर्वीच का काढली नाही याची लाज, हे अजून ठरलेले नाही. विक्रीच्या पानावर बहुधा उलगडलेल्या पॅनेलची मापे दिलेली असतात. त्यांतून कापडाची किनार वजा करून हाच गुणाकार करावा आणि मगच पैसे भरावेत.

आता मूळ प्रश्न. एकदोन रात्रींसाठी पॅनेल मुळीच घेऊ नये. २०,००० मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत सुमारे ७४ वॉट-तास साठतात. फोन भरताना वाया जाणारी वीज धरूनही फोन दोनतीनदा भरतो आणि डोक्यावरचा दिवाही चालतो, तोही ढगांची पर्वा न करता. चौथ्या दिवसापासून, एकाच जागी तळ असेल तर, माझ्या २७ वॉटच्या पॅनेलने आपले वजन वसूल केले: यूएसबीतून १० वॉटच्या हिशेबाने पाच तासांच्या चांगल्या उन्हात ५० वॉट-तास. रोज चालत पुढे जायचे असेल तर पाठपिशवीवर लटकवलेले पॅनेल बहुतेक वेळ झाडांच्या सावलीत किंवा सूर्याकडे पाठ करून राहते, आणि सेल एकामागोमाग जोडलेले असल्यामुळे एका कोपऱ्यावर पडलेली फांदीची सावलीही ताकद कितीतरी खाली आणते. फोन थेट पॅनेलला जोडू नये. ढग येऊन गेला की कित्येकदा चार्जिंग पुन्हा सुरूच होत नाही. दिवसा पॉवर बँक भरावी आणि रात्री तिच्यातून फोन.

पॅनेलच्या मागे पॉवर बँक ठेवायला जो कापडी खिसा शिवलेला असतो, तो वापरू नये, हे सांगायचे राहिले. तिथे सावली असते, पण पॅनेलची सगळी धग पाठीमागे साचते, आणि लिथियमची बॅटरी ४५ अंशांपलीकडे चार्ज करू नये असा सर्वसाधारण दंडक आहे. मी लांब वायर घेऊन पॉवर बँक तंबूच्या सावलीत, जमिनीवर ठेवतो.