सेक्टर ४५ मधलं गाव

मी नवी मुंबईतल्या एका गावठाणात वाढलो. आमच्या भातखाचरांवर आता सेक्टर उभे आहेत. 'नोड' म्हणजे नव्या शहराचा एकेक विभाग, 'संपादन' म्हणजे सरकारने जमीन घेणं, 'साडेबारा टक्के' म्हणजे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात त्या प्रमाणात परत मिळणारा विकसित भूखंड. हे शब्द घरात भात-कालवणाइतके रोजचे. त्यामुळे चंदीगड बघायची ओढ फार जुनी. मोकळ्या जमिनीवर अख्खं शहर वसवायचं म्हटलं की आपल्याकडे पहिलं बोट त्याच्याकडे जातं. यंदा ऑक्टोबरअखेर योग आला.

दिल्लीहून सकाळच्या शताब्दीने उतरलो आणि पहिले दोन दिवस नुसता चाललो. एक सेक्टर म्हणजे ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब. शाळा, बाजार, दवाखाना, बाग सगळं त्याच्या पोटात. रस्त्यांची सात प्रकारांत वाटणी केली आहे, व्ही-१ ते व्ही-७. शहराबाहेरून येणारा महामार्ग व्ही-१, सेक्टरला वेढणारा वेगवान रस्ता व्ही-३, सेक्टरच्या मधून जाणारा बाजाराचा रस्ता व्ही-४, आणि हिरव्या पट्ट्यातून शाळेकडे जाणारी पायवाट व्ही-७. सेक्टर २२ हा आधी वसलेल्यांपैकी एक. तिथे सकाळी सात वाजता दप्तरं पाठीला लावून एकटीच शाळेत निघालेली लहान मुलं बघितली. एकाही मुलाला मोठा रस्ता ओलांडावा लागत नव्हता. ज्यांनी हा विचार १९५१ साली कागदावर केला, त्यांना मी मनापासून नमस्कार करतो.

हे शहर फाळणीच्या जखमेतून आलं. लाहोर गेलं, पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही, कारभार सिमल्यातून चालू लागला. पहिला आराखडा अमेरिकेच्या अल्बर्ट मेयर यांचा, वळणदार रस्त्यांचा. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० साली विमान अपघातात गेले आणि काम थांबलं. मग मुख्य अभियंता पी. एल. वर्मा आणि प्रशासक पी. एन. थापर युरोपात जाऊन ल कॉर्बुझिए, पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू या वास्तुरचनाकारांना घेऊन आले. वळणं सरळ झाली, चौकटी पडल्या. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी राजधानीचं उद्घाटन केलं.

कॅपिटॉल संकुल, म्हणजे राज्यकारभाराच्या इमारतींचा परिसर, ओळखपत्र दाखवून गटाने बघता येतं. विधानसभा, उच्च न्यायालय, २५४ मीटर लांबीचं सचिवालय आणि वाऱ्याबरोबर फिरणारा २६ मीटर उंच 'उघडा हात' हे शिल्प. माझा जीव मात्र भिंतीतच अडकला. जवळ गेलं की काँक्रीटवर सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे दिसतात. लाकडाचे रेषे, गाठी, दोन फळ्यांमधली फट, सगळं जसंच्या तसं. त्या फळ्या ठोकणाऱ्या माणसांचं नाव कुठे नाही, पण त्यांचं काम हाताला लागतं.

जुन्या सेक्टरांत कुठे कुठे मॅनहोलच्या बिडाच्या झाकणावर शहराचा नकाशाच ओतलेला आहे. उकिडवा बसून तो नीट बघितला. चौकोन आहेत, रस्ते आहेत. गावं नाहीत.

जमीन मोकळी नव्हतीच. पहिल्या टप्प्यातल्या सेक्टरांसाठी तिथली गावं उठवली, घरं पाडली. त्या घरांचं काय झालं ते रॉक गार्डनमध्ये कळतं. ही बाग घडवणारे नेकचंद सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. फाळणीत ते स्वतः आपलं गाव मागे टाकून आले होते. १९५७ पासून ते पाडलेल्या गावांतला राडारोडा सायकलवरून वाहून नेत आणि सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात गुपचूप मूर्ती घडवत. १९७५ च्या सुमारास ते उघडकीला आलं. बेकायदा बांधकाम म्हणून पाडायचं घाटत होतं, पण लोक पाठीशी उभे राहिले आणि १९७६ साली बाग सर्वांना खुली झाली.

तिथे बाईच्या एका मूर्तीपुढे मी बराच वेळ उभा होतो. अंगभर काचेच्या बांगड्यांचे तुकडे, हिरवे आणि लाल, सिमेंटात रोवलेले. मला आमची आजी आठवली. शेत गेल्यावर मोजायला भात उरला नाही, तरी तिने पायली माळ्यावर जपून ठेवली होती. दर दसऱ्याला खाली काढायची, धुवायची, हळद-कुंकू लावायची आणि परत वर ठेवायची.

दुसऱ्या टप्प्यातली काही गावं मात्र जागेवर राहिली. त्यातलं बुडैल सेक्टर ४५ मध्ये आहे, जुन्या मुघलकालीन किल्ल्याच्या आवारात वसलेलं. रिक्षावाल्याने गावाच्या तोंडाशीच सोडलं. आत शिरलो आणि क्षणभर वाटलं, घरी आलो. हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशी गल्ली, डोक्यावर वायरींचं जाळं, चार-चार मजले, खाली दुकान आणि वर भाड्याच्या खोल्या. शहर आखलं ५ लाखांसाठी, २०११ च्या जनगणनेत ते साडेदहा लाखांवर गेलं होतं. सेक्टरातलं भाडं ज्यांना झेपत नाही ते इथे राहतात. गावाच्या हद्दीला तिकडे 'लाल डोरा' म्हणतात, आपण गावठाण म्हणतो. हद्द आखली तिथेच थांबली, कुटुंबं वाढत गेली, म्हणून घरं वर चढली. आमच्याकडे त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात. गल्लीची रुंदी, गटार, नातवंडांच्या घराची जागा हे सगळं पहिल्याच आराखड्यात यायला हवं होतं. बुडैललाही, नवी मुंबईसाठी जमीन गेलेल्या आमच्या ९५ गावांनाही.

एका सॅनिटरीच्या दुकानाबाहेर पगडीवाले एक वृद्ध खाटेवर बसले होते. "बाबाजी, बसू का?" म्हणून विचारलं. कुठून आलो, आमचीही जमीन शहराला कशी गेली, ते सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "बदले में प्लॉट मिला?" जमीन गेलेला माणूस जमीन गेलेल्याला हेच आधी विचारतो. मी आमचे शेतकरी नेते दि. बा. पाटील यांचं आंदोलन सांगितलं, जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानला झालेला गोळीबार सांगितला, त्यात गेलेले पाच शेतकरी सांगितले आणि त्यातून मिळालेले साडेबारा टक्के सांगितले. ते मान खाली घालून ऐकत राहिले. मुलाला हाक मारून त्यांनी चहा मागवला.

मग म्हणाले, तुमच्या शेतांना नावं होती का? मी सांगितली: आंब्याखालचं, मोठं खाचर, खारीकडचं. त्यांनी गल्लीच्या टोकाला, सेक्टरच्या बाजूला हात केला आणि एकेक सांगू लागले. ते खूहवाला, म्हणजे विहिरीचं. त्याच्या पलीकडे कीकरवाला, बाभळीचं. तिथे आता मार्केटचं पार्किंग आहे. त्यांचा हात बराच वेळ तसाच होता.