मरण मुंबईत, जन्म कुठे?

वंशावळ लिहायला घेतली तेव्हा आत्या म्हणाली, "आजीच्या आधी पणजीला एक मुलगा होता, तो मुंबईतच गेला." नाव कुणालाच ठाऊक नाही. पणजी लालबागला गिरणीत, वाइंडिंग म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यात. म्हणून आधी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात शोधाचा अर्ज टाकला. नेमकं साल माहीत नसेल तर जितकी वर्षं शोधायची तितक्यांचे पैसे. मी १९१९ ते १९२२ लिहिलं.

जन्म सापडला नाही. मृत्यू सापडला. १९२१, वय चार महिने, बापाचं नाव, चाळीचा पत्ता, आणि मुलाच्या नावाच्या जागी नुसतं 'मेल', म्हणजे पुरुष.

खिडकीतल्या बाईंना यात काही नवल वाटलं नाही. "बाळंतपणाला गावी गेली असतील. कोकणातले ना तुम्ही?"

मग तहसीलचा अभिलेख कक्ष. गाव नमुना १४, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूंची वही, लोक जिला कोतवाल बुक म्हणतात ती. पानं सगळी मोडीत, आणि कुणबी दाखल्यांच्या गर्दीत मोडी वाचणाऱ्यांना हल्ली श्वास घ्यायला फुरसत नाही. ओळखीतून एक निवृत्त गुरुजी मिळाले. पणजीच्या माहेरच्या गावाचं पान काढून त्यांनी ओळीखाली पट्टी धरली आणि सावकाश वाचलं: बापाचं नाव, जात, मुलगा. आईचं नाव नाहीच. चार महिन्यांचा हिशेब बरोबर जुळला.

१९२१ साली मुंबईचा अर्भकमृत्युदर हजारी ६६६ नोंदला गेला. एका खोलीच्या बिऱ्हाडांत ८२८. हे आकडे मी आधी वाचले होते, पण त्यांतली मेख या दोन कागदांनी दाखवली. आमचं बाळ जन्मलं गावच्या वहीत आणि मेलं शहराच्या. हा दर म्हणजे शहरात नोंदलेले बालमृत्यू भागिले शहरात नोंदलेले जन्म; त्या भागाकारात छेद लहान राहिला, अंश वाढला. अर्थात एवढ्याने चाळीतल्या त्या खोल्या निर्दोष सुटत नाहीत. गिरणीतल्या बायकांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी १९२२ मध्ये लिहिलंय की या बायकांच्या शंभरांतल्या ९८ बाळांना अफू दिली जाते. अफूची ती बाळगोळी! आमच्या आजीलाही ती चाटवून शेजारणीकडे ठेवत, हे आत्या अगदी सहज सांगते. कामावर गेलं नाही तर नायकीण, म्हणजे बायकांवरची मुकादम, खाडा मांडणार. दुसरं करणार काय? मुलाच्या नोंदीत कारण 'डेबिलिटी', म्हणजे अशक्तपणा. त्यावरून काहीच कळत नाही.

धाकट्या आजोबांचा दाखला मात्र मागितल्याबरोबर मिळाला: १९३१, परळचं वाडिया प्रसूतिगृह. ते १९२६ साली सुरू झालं होतं, आणि १९२९ च्या कायद्याने गिरणीतल्या बाळंतिणीला रोजचे आठ आणे भत्ता लागू झाला होता. पणजीच्या हातात ते पडले का, हे गिरणीच्या मस्टरवरूनच कळेल. लालबाग-परळच्या कुणाच्या घरी त्या काळातला पगाराचा किंवा भत्त्याचा कागद असेल तर जरूर कळवा.