साडेतीन टनांचं घर आणि बाबांचा काटा

परवा पुतण्याचा फोन आला. येत्या मे महिन्यात तो आणि त्याचे दोन मित्र जर्मनीला यायचं म्हणतात. "काका, थे घरवाली गाडी राह्यते नं, झोपाले-रांधाले जागा असलेली, थेच घेऊ. माह्याकडं एलएमव्ही हाये. मी तं ४०७ ट्रक बी चालवतो."

त्याचं खरं आहे. दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर तो खताची पोती भरलेली ४०७ नेतो आणि कायद्यात बसून नेतो. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात हलकं वाहन म्हणजे साडेसात टनांपर्यंतचं. एलएमव्हीच्या लायसनवर तेवढ्या वजनाचं मालवाहू वाहनही चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्कं केलं. पण इथे कारच्या लायसनची हद्द ३,५०० किलोवर संपते. साडेसात आणि साडेतीन यांतला फरक मला भर उन्हाळ्यात, आईबाबांच्या देखत कळला, म्हणून हे लिहितो आहे.

त्या वर्षी आईबाबा पहिल्यांदा इकडे आले होते. बाबांचे गुडघे दुखतात, आईला बाहेरचं खाणं चालत नाही. मोटरहोम घेऊ, त्यातच स्वयंपाक, त्यातच झोप, ब्लॅक फॉरेस्टमधून बोडनसे तळ्यापर्यंत जाऊन येऊ, असं ठरवलं. सहाजणांची गाडी हवी होती. फोटो पाहून मोठी, ऐसपैस गाडी निवडली. भाड्यानं देणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोनवर विचारलं, तर म्हणाला, कारचं लायसन पुरेल. आम्ही सगळं सामान घेऊन त्यांच्या आवारात पोचलो. खिडकीतल्या बाईंनी माझं कार्ड उलटं केलं. मागच्या बाजूला वर्गांची यादी असते. 'बी'समोर, म्हणजे कारसमोर, तारीख होती, त्याहून जड गाडीच्या 'सी१'समोर नुसती रेघ. त्यांनी कार्ड परत दिलं. गाडी ४,२५० किलोची होती.

आई बाकावर बसून राहिली, मांडीवर दशम्यांचा डबा. मला फार वाईट वाटलं होतं. बाबा मात्र गाडीभोवती एक चक्कर मारून आले. "काऊन रे, रिकामीच तं हाये गाडी. रिकामी गाडी चार टन कशी भरन?"

हा प्रश्न अगदी नेमका आहे, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. लायसनसाठी गाडीचं आजचं वजन बघत नाहीत. कंपनीनं आणि सरकारनं त्या गाडीला जास्तीत जास्त किती वजनाची परवानगी दिली आहे ते बघतात. इथल्या आरसी बुकात तो आकडा एफ.१ आणि एफ.२ या रकान्यांत असतो. तिथे ४,२५० लिहिलं असेल, तर गाडी रिकामी उभी असताना काट्यावर ३,२०० भरली तरी 'बी'वाल्याला ती चालवता येत नाही. चालवली तर तो विनालायसन गाडी चालवण्याचा गुन्हा, आणि त्याला दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद आहे. ३,५०० च्या वर ७,५०० पर्यंत सी१ लागतं. त्यासाठी डॉक्टरांची तपासणी, डोळ्यांची तपासणी, मग लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा.

आमच्या घरमालक आजोबांना मात्र यातलं काही लागत नाही. १ जानेवारी १९९९ च्या आधी इथे वर्ग ३ चं लायसन मिळायचं आणि त्यावर साडेसात टनांपर्यंतची गाडी चालते. त्यांच्याकडे अजून ते मळकं कागदी लायसन आहे, इथले लोक त्याला 'लापन' म्हणतात, म्हणजे फडकं. ते बदलून कार्ड घेतलं तरी जुना हक्क जात नाही. ब्रिटनमध्येही असंच आहे, फक्त तिथली तारीख १ जानेवारी १९९७ आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच आवारातून ३,५०० किलोची गाडी मिळाली. वर ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग, मागे दोन पलंग, सहा सीटबेल्ट. लायसनचा प्रश्न सुटला, पण वजनाचा खरा प्रश्न तर इथून सुरू झाला. कारण साडेतीन टनांच्या आत राहण्याची जबाबदारी आता आमची होती.

कागदावर गाडीचं तयार वजन ३,०४० होतं. त्यात ७५ किलोचा ड्रायव्हर आणि ९० टक्के डिझेल धरलेलं असतं. उरले ४६०. बायको, आईबाबा आणि दोन पोरं मिळून २६६. उरले १९४. पाण्याची टाकी १२० लिटरची, पण कागदात फक्त २० लिटर धरलेले. टाकी काठोकाठ भरली की आणखी १०० किलो गेले. दोन सायकली ४० किलो. बाहेरचं टेबल, खुर्च्या, पोरांचे कपडे. आणि आईच्या पिशव्या: ज्वारीचं पीठ, तूरडाळ, दोन कुकर, तिखटाचे डबे, लोणच्याची काचेची बरणी.

घराजवळ शेतमालाच्या सहकारी गोदामात काटा आहे, थोडे पैसे देऊन कुणालाही गाडी वजन करता येते. काटा बघताच बाबांचा चेहरा खुलला. चाळीस वर्षं त्यांनी जिनिंगच्या काट्यावर कापसाच्या गाड्या उभ्या केल्या आहेत. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, मधला कापूस. क्विंटलमागे दोन किलो इकडेतिकडे झाले तर वर्षाची कमाई कुठे जाते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नाही. आकडा आला ३,६१०. "एकशेदहा जास्त," बाबा म्हणाले, मी चष्मा लावायच्या आत.

आकडा जास्त आला म्हणून माझं 'बी' लायसन रद्द होत नाही, तो जादा भाराचा वेगळा गुन्हा असतो. इथे ५ टक्क्यांच्या पुढे दंड सुरू होतो. पण उतारावर ब्रेक लावताना त्या टक्क्यांना काही अर्थ नसतो, आणि गाडीत माझे आईबाप आणि माझी पोरं बसणार होती.

मग बाबांनीच सूत्रं हातात घेतली. पाणी पाव टाकीवर आणलं, मुक्कामी नळ असतोच. सायकली घरी ठेवल्या. त्या ठेवण्याचं त्यांचं कारण वेगळं होतं. सायकली मागच्या दांड्याला लटकलेल्या होत्या. "गाडी उलार होईन," ते म्हणाले. बंडीत मागे भार जास्त झाला की जू वर उचलतं, तसं. इथे पुढच्या आणि मागच्या आसाला स्वतंत्र मर्यादा असते, आणि पुढचा आस हलका झाला की स्टिअरिंगची पकड सुटते. जर्मन पुस्तकात हे मी दोन पानं वाचलं होतं, बाबांनी ते एका शब्दात सांगितलं. पलंगांखालचं जड सामान मधे, खाली आणलं. काचेची बरणी आईनं सोडली नाही. दुसऱ्यांदा काटा ३,५०० च्या आत आला.

पुतण्याला मी हे सगळं सांगितलं. पर्यटक म्हणून येणाऱ्याला इथे भारतीय लायसन चालतं, सोबत त्याचं भाषांतर किंवा आंतरराष्ट्रीय परमिट लागतं. ते परमिट आपल्या यवतमाळच्या आरटीओतूनच निघतं, नमुना ४ए भरून, पासपोर्टसह, आणि जास्तीत जास्त एक वर्ष चालतं. त्यातही 'बी' म्हणजे साडेतीन टनच. राहायला येणाऱ्याची गोष्ट वेगळी. सहा महिन्यांनंतर भारतीय लायसन इथे चालत नाही, नुसतं बदलूनही मिळत नाही. लेखी आणि गाडीची, दोन्ही परीक्षा मी दिल्या आहेत, प्रथमोपचाराचा वर्ग आणि डोळ्यांची तपासणी धरून.

"मंग अमेरिकेतच जातो," तो म्हणाला. तिथे स्वतःच्या सहलीसाठी बहुतेक राज्यांत साध्या कारच्या लायसनवर अवाढव्य मोटरहोम चालवता येतं, हे खरं आहे. पण टेक्सासमध्ये २६,००० पौंडांच्या वर वेगळा वर्ग लागतो, म्हणजे सुमारे ११,८०० किलो. कॅलिफोर्नियात गाडी ४० फुटांपेक्षा लांब असेल तर लागतो. म्हणजे तिथेही आधी राज्याचा नियम बघायचा, मग गाडी.

शेवटी जर्मनीच ठरलं. मी त्याला एवढंच सांगितलं आहे की गाडी पसंत पडली की फोटो नको, त्या गाडीच्या आरसीचं पान पाठव. एफ.१ मी बघतो. आणि तिघांची वजनं, सामानासकट, आधीच लिहून दे. बाबा शेजारीच बसले होते, फोनवर ओरडले, "कुकर एकच आन म्हणा."