भिंतीचे कोणाला विचारायचे?

"पडद्यांचे रंग तुम्ही दोघी ठरवा, भिंतीचे मी मिस्त्रींना विचारतो," असे घरमालक आज वाकडच्या साइटवर, त्यांच्या घराचे इंटिरियर करणाऱ्या आम्हा दोघींना सहज म्हणाले.

त्यांच्या बोलण्यात तुच्छता नव्हती, म्हणूनच ते अधिक लागले. ज्या भिंतीविषयी ते बोलत होते, तिचा नकाशा माझ्या भागीदार मैत्रिणीच्या हातात होता. इमारत मिवान पद्धतीची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या काँक्रीटची आहे. अशा ठिकाणी स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंतही वरच्या मजल्यांचा भार पेलत असू शकते, आणि नकाशानुसार ही भिंत तशीच असल्याने तिला हात लावता येणार नाही, हे तिने शांतपणे समजावले. मिस्त्रींनीही लगेच दुजोरा दिला.

भार, नळ आणि वायरिंग हे तिचे क्षेत्र. रंग, कापड आणि प्रकाश हे माझे. भिंत न पाडता ती जागा मोकळी वाटावी म्हणून ओट्यावर ४००० केल्विनचा, म्हणजे पांढरट, आणि हॉलमध्ये ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उबदार प्रकाश मी सुचवला, पण तिने भिंत वाचवली नसती तर माझ्या प्रकाशाला अर्थच उरला नसता.

१९२७ मध्ये फ्रेंच डिझायनर शार्लोत पेरियाँ यांनी प्रसिद्ध वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे काम मागितले, तेव्हा इथे उशांवर भरतकाम होत नाही, असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले होते. पुढे पॅरिसच्या प्रदर्शनातले त्यांचे काम पाहून त्याच कार्यालयाने त्यांना बोलावून घेतले.

तुमच्या घराचे काम निघाले, तेव्हा भिंतीविषयीचा पहिला प्रश्न तुम्ही कोणाला विचारला होता?