वाक्याच्या शेवटी हरवलेलं ‘नाही’

अ‍ॅनाफिलॅक्सिसवरचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीवरचा, पॉडकास्ट एपिसोड त्या संध्याकाळी जायचा होता. ऐकणारे दोन प्रकारचे: कॅज्युअल्टीत काम करणारे डॉक्टर-नर्स, आणि घरात कुणाला तीव्र अ‍ॅलर्जी आहे म्हणून माहिती घेणारी माणसं. वैद्यकीय मजकूर शेवटचा तपासून फाइल मोकळी करणं हे माझं काम. ही तपासणी मी चांगल्या हेडफोनवर करत नाही. फोनच्या स्पीकरवर, दीडपट वेगानं आणि शेजारी पंखा चालू ठेवून ऐकते, कारण बहुतेक श्रोते साधारण असंच ऐकतात.

अकराव्या मिनिटाला पाहुण्या डॉक्टरांचं वाक्य आलं: ‘रक्तदाब पडलेल्या पेशंटला अ‍ॅम्ब्युलन्सपर्यंत चालवत नेणं योग्य.’

व्याकरण निर्दोष, आवाज स्वच्छ, आणि सल्ला जीव घेणारा. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये रक्तवाहिन्या सैलावतात आणि केशवाहिन्यांतून द्रव झिरपून ऊतींमध्ये जातो. दहाएक मिनिटांत रक्तवाहिन्यांमधला तिसरा हिस्सा द्रव असा बाहेर जाऊ शकतो. अशा माणसाला उभं केलं की उरलेलं रक्त पायांत साठतं, हृदयाकडे परत फारसं काही येत नाही आणि ते जवळजवळ रिकामंच आकुंचन पावत राहतं. तोपर्यंत बोलत असलेला पेशंट उठून उभा राहताच गेला, अशा घटना वैद्यकीय नोंदींमध्ये आहेत. म्हणून त्याला आडवं ठेवायचं, पाय वर घ्यायचे. धाप जास्त असेल तर पाय लांब करून बसू द्यायचं, उलटी होत असेल तर कुशीवर, गर्भवतीला डाव्या कुशीवर.

मूळ रेकॉर्डिंगमध्ये डॉक्टर ‘योग्य नाही’ असंच म्हणाले होते. ‘नाही’ खाल्लं होतं नॉइज गेटनं. आवाज ठरावीक पातळीच्या खाली गेला की गेट तो बंद करतं, त्यामुळे पंख्याची आणि एसीची घरघर जाते. पण आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि शेवटाला श्वास संपत आल्यामुळे आवाज उतरलेला असतो. त्यात हे डॉक्टर वाक्य संपवताना खुर्चीत मागे रेलत होते. माइकपासूनचं अंतर १५ सेंटिमीटरवरून ३० झालं की थेट पोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलनं घटतो. नाकातला ‘ना’ आणि हवेवरचा ‘ही’, दोन्ही मुळातच नाजूक. गेट मिटलं. पुढच्या टप्प्यात लांब शांतता आपोआप कापणारी सेटिंग होती. तिनं मोकळी जागाही मिटवली, म्हणजे काही गेलंय अशी शंका येण्याचा उरलेला मार्गही बंद.

खरी गोम तर लिखित उताऱ्यात होती. तो साफ केलेल्या आवाजावरून तयार झाला होता. त्यामुळे उतारा आणि आवाज तंतोतंत जुळत होते, आणि दोन्हीकडे सल्ला उलटा होता. जुळवणी करायची तर मूळ ट्रॅकशी. साफ फाइलवरून काढलेला उतारा तपासणीच्या कामाचा नसतो, मग तो कितीही सुबक असो.

दुरुस्ती आधी तांत्रिक झाली. आवाज पूर्ण तोडणाऱ्या गेटऐवजी एक्स्पांडर लावला, जो हलका आवाज बंद न करता फक्त आणखी खाली आणतो: प्रमाण दोनास एक, आणि कपात जास्तीत जास्त १० डेसिबल, म्हणजे हलका शब्द बारीक होईल पण नाहीसा होणार नाही. होल्ड, म्हणजे आवाज उतरल्यावर कपात सुरू होण्याआधीची थांब, २५० मिलिसेकंद. शांतता कापणं बंद, ते आता हातानं. सगळ्या ट्रॅकवर शोध घेतला तेव्हा आणखी दोन ‘नका’ अर्धे कापलेले सापडले.

एवढ्यावर मी फाइल सोडली नाही, कारण वाक्याची रचनाच ठिसूळ होती. एक शब्द गळला की अर्थ फिरतो, असं वाक्य कानासाठी लिहू नये. डॉक्टरांना फोन करून नवं वाक्य घेतलं: ‘स्ट्रेचरवरूनच न्या. पेशंट म्हणाला मी चालतो, तरी चालू देऊ नका.’ आधी काय करायचं ते, मग काय टाळायचं. आता शेवटचा शब्द हरवला तरी ‘स्ट्रेचरवरूनच’ उरतं.

फोन चालूच होता, म्हणून डोसची वाक्यंही पुन्हा घेतली. मुळात ते ‘एकास हजार’ आणि ‘एकास दहा हजार’ म्हणाले होते. ही अ‍ॅड्रेनलिनची (या झटक्यात द्यायच्या मुख्य औषधाची) दोन द्रावणं, तीव्रतेत दहापटीचा फरक, आणि धावत्या ऐकण्यात ‘दहा’ सहज निसटतो. अमेरिकेत २०१६ पासून अशा औषधांच्या लेबलवरून ही गुणोत्तराची भाषा काढून टाकली आहे, ती एवढ्याचसाठी. आम्ही म्हटलं: ‘एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असलेलं अ‍ॅड्रेनलिन, मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर, म्हणजे पाचशे मायक्रोग्रॅम, मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूला, स्नायूत. पाच मिनिटांत सुधारणा नाही तर पुन्हा तेवढंच.’ ‘शून्य पूर्णांक पाच’ म्हणण्यापेक्षा ‘अर्धा’ बरा. ‘शून्य पूर्णांक’ गिळलं गेलं तर पाच उरतात. एकच मात्रा दोन एककांत सांगितली की एक चुकीची ऐकू आली तरी दुसरी खटकते. मुलांच्या वयानुसार मात्रा आवाजात घेतल्याच नाहीत, वर्णनाच्या मजकुरात तक्ता दिला. चार वयोगटांचे आकडे ऐकून कुणाच्या लक्षात राहणार?

हे सगळं प्रसारणाआधी होणं का गरजेचं, तर एपिसोड एकदा फोनमध्ये उतरला की तो आपल्या हातात राहत नाही. सर्व्हरवरची फाइल बदलली तरी आधी डाउनलोड केलेल्यांकडे बहुधा जुनीच राहते. फीडमधली (अ‍ॅपला एपिसोड पुरवणाऱ्या यादीतली) एपिसोडची ओळख तीच ठेवली तर अ‍ॅप नवी फाइल सहसा उचलत नाही, ओळख बदलली तर एकच एपिसोड दोनदा दिसतो. तेव्हा वेगळा दुरुस्तीचा एपिसोड काढावा लागतो, आणि तो तेच लोक ऐकतील याची खात्री कोण देणार.

नवी वाक्यं फोनवर घेतल्यामुळे त्यांचा पोत पातळ होता. संपादकाला खोलीतला आवाज खाली भरून जोड लपवायची होती. मी नको म्हटलं. निवेदिकेनं आधी सांगितलं, ‘पुढचा भाग डॉक्टरांनी नंतर फोनवरून पुन्हा सांगितला आहे,’ आणि पातळ आवाज तसाच ठेवला. आवाज बदलला की ऐकणारा कान टवकारतो, आणि बरोबर त्याच जागी डोस येतो.