टीडीएस ६८

गोवंडीतल्या त्या शाळेच्या व्हरांड्यात पाणी शुद्ध करणारं स्टीलचं आरओ मशीन होतं. तासाला १०० लिटरचं, वर एका बहुराष्ट्रीय कंपनीची भलीमोठी पाटी. कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे कायद्यानं सामाजिक कामांवर खर्चायच्या पैशांतून, अशी मशीनं बऱ्याच शाळांत बसवली होती, त्यांचं मूल्यमापन आमच्याकडे होतं. फाइल चोख होती: बिलं, हस्तांतरणाचं पत्र, फीत कापतानाचे फोटो. मशीनचा प्लग मात्र काढून वर गुंडाळून ठेवलेला.

आधी नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला. लिटरला ६८ मिलिग्रॅम. यात नवल नाही; मुंबईचं पाणी भातसा, तानसा, वैतरणेचं, म्हणजे साठवलेला पाऊसच. भारतीय मानकात ५०० पर्यंत टीडीएस चालतो आणि आरओचं मुख्य काम क्षार काढायचं. इथे काढण्याजोगे क्षारच नव्हते. चालू होतं तेव्हा हे मशीन बरंचसं पाणी नुसतं गटारात सोडत असणार, तेही दिवसातले काही तासच पाणी येणाऱ्या वस्तीत.

खरं दुखणं गच्चीवर होतं. टाकीचं झाकण फुटलेलं, तळाशी बोटभर गाळ. पालिकेच्या थेट लाइनच्या नळाला जंतुनाशक क्लोरिन ०.५ मिळालं, टाकीच्या नळाला शून्य. टाकीचं पाणी जंतू तपासायच्या एचटूएस बाटलीत भरून ठेवलं, ते दुसऱ्या दिवशी काळं झालं. म्हणजे मैलापाण्याचा संशय. आणि याच टाकीतून मशीनला पाणी जात होतं. गाळानं पहिला सेडिमेंट फिल्टर चोंदला, पंपाला दाब मिळेना, मशीन पडलं. दोन-तीन महिन्यांनी कार्ट्रिज बदललं असतं तर एवढं झालं नसतं.

"फिल्टर मागितले होते हो," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "पण एएमसी संपली म्हणाले."

एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, एकाच वर्षाची होती. पुढचं का नाही, असं कंपनीत विचारलं तर उत्तर आलं, कायद्यात बसत नाही, पैसे त्याच वर्षी संपवावे लागतात. हे अर्धसत्य आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के खर्च करायचे असतात, हे खरं. पण 'चालू प्रकल्प' ठरवला तर सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं मिळतात. उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवायची, एवढंच. देखभाल त्यात आरामात बसली असती. मात्र प्रकल्प तसा जाहीर केला नाही, तर न खर्चलेले पैसे सहा महिन्यांत सरकारी निधीत भरावे लागतात. तिथे कंपनीची पाटी लागत नाही! बिलांवरच्या तारखा मार्चच्या शेवटच्या आठवड्यातल्या होत्या. मशीन आठवड्यात विकत मिळतं. टाकी धुण्याची सवय लावायला वर्ष जातं.

याला ढोंग म्हणावं का? पैसे खरोखर खर्च झाले होते, कुणी खाल्ले नव्हते. पण मुलं काय पितात, हे मोजायला टीडीएस मीटर घेऊन आधी कुणी आलं नव्हतं.

मोठ्या कंपन्यांना एक कोटी रुपये आणि त्यावरच्या सीएसआर प्रकल्पांचं स्वतंत्र मूल्यमापन सक्तीचं आहे, तेही काम संपून किमान एक वर्ष झाल्यावर. या नियमातलं मला सर्वांत आवडतं ते हे एक वर्ष. फीत कापल्याच्या आठवड्यात गेलो असतो तर मशीन सुरूच दिसलं असतं. 'स्वतंत्र' या शब्दाबद्दल मात्र जरा जपूनच बोलावं. आमची फी कंपनीच देते.

अहवालाच्या मसुद्यावर कंपनीचा तसा शेरा आलाच: "'बंद' ऐवजी 'देखभालीच्या प्रतीक्षेत' चालेल का?" आम्ही 'बंद' ठेवलं, शेजारी वाचनांचा तक्ता आणि गच्चीवरचा फोटो जोडला. शिफारशी तीनच: टाकीला झाकण, सहा महिन्यांनी धुलाई, पिण्यासाठी थेट लाइनवर वेगळा नळ.

नळाचं काम मुख्याध्यापिकांनी अहवालाआधीच उरकून घेतलं होतं. पण लाइनला पाणी सकाळीच असतं. दुपारच्या सत्राची मुलं अजून टाकीचंच पितात.